मिथाइल ॲसिटेटचं हायड्रोलिसिस: छद्म प्रथम कोटीच्या प्रकल्प नोंदी

२ डिसेंबर: आखणी

अभिक्रिया प्रॅक्टिकलच्या वहीत असते तीच. मिथाइल ॲसिटेट (पुढे नुसतं 'एस्टर') आणि पाणी, उत्प्रेरक हायड्रोक्लोरिक आम्ल. तयार होतात ॲसेटिक आम्ल आणि मिथेनॉल. ठरावीक वेळाने ५ मि.लि. मिश्रण काढायचं, बर्फाच्या पाण्यात टाकून थंड करायचं आणि सोडियम हायड्रॉक्साइडने टायट्रेट करायचं (ब्युरेट या खुणांच्या नळीतून अल्कली सोडून आम्ल किती ते मोजायचं). ॲसेटिक आम्ल वाढेल तसं ब्युरेटचं वाचन वाढतं.

वहीत हिला सरळ 'प्रथम कोटी' (वेग एकाच घटकाच्या संहतीच्या प्रमाणात) लिहितात, कारण पाणी भरपूर असतं. ते भरपूर म्हणजे किती, हे आधी मांडून ठेवू. १०० मि.लि. अर्ध्या नॉर्मल (नॉर्मल म्हणजे लिटरला एक तुल्यभार) आम्लात ५ मि.लि. एस्टर, म्हणजे ४.६५ ग्रॅम (घनता ०.९३). रेणुभार ७४.०८, म्हणून ०.०६२८ मोल. १०५ मि.लि. मिश्रणात एस्टरची संहती ०.६० मोलर होते आणि पाण्याची सुमारे ५२ मोलर. सगळं एस्टर संपलं तरी पाणी जेमतेम १.१५ टक्क्यांनी घटतं. आम्ल उत्प्रेरक असल्यामुळे खर्च होत नाही. तयार होणारं ॲसेटिक आम्लही हायड्रोजन आयनांत भर घालत नाही, कारण अर्ध्या नॉर्मल तीव्र आम्लात त्याचं आयनीभवन जवळजवळ दबलेलं असतं (स्थिरांक १.८ × १०⁻⁵).

म्हणजे एका फेरीत बदलते ती एकट्या एस्टरची संहती. मोजलेला वेगस्थिरांक (वेग आणि संहती यांना जोडणारा आकडा) मात्र एकट्या एस्टरचा नसतो. आम्लाची संहती त्यात मुरलेली असते, पाणीही मुरलेलं असतं, म्हणून 'छद्म' प्रथम कोटी. प्रकल्पाचं काम हेच: या आकड्यात काय काय मुरलंय ते प्रयोगाने वेगळं काढायचं, आणि जे निघत नाही ते निघालं असं लिहायचं नाही.

४ डिसेंबर: द्रावणं

आम्ल: संहत हायड्रोक्लोरिक सुमारे ११.६ नॉर्मल. त्यातले २१.६ मि.लि. घेऊन ५०० मि.लि. केले, की अर्धा नॉर्मल.

अल्कली: ०.२ नॉर्मल. लिटरला हिशेबाने ८ ग्रॅम लागतात, ८.३ घेतले, कारण गोळ्यांवर ओलावा आणि कार्बोनेट असतंच. पाणी उकळून, झाकून थंड केलेलं. कार्बोनेट राहिलं तर फिनॉल्फ्थॅलिन या दर्शकाचा एंड पॉइंट (रंग बदलतो तो क्षण) लांबतो आणि गुलाबी रंग रेंगाळत येतो.

प्रमाणीकरण (अल्कलीची नेमकी संहती ठरवणं) ऑक्झॅलिक आम्लाने. ०.२ नॉर्मलसाठी २५० मि.लि.मध्ये ३.१५२ ग्रॅम (दोन रेणू पाण्यासह, तुल्यभार ६३.०४). अल्कलीची नॉर्मॅलिटी जुळवून ०.२०० केली.

प्रमाणीकरणाची गरज काय, असा प्रश्न इथे नेहमी निघतो. वेगस्थिरांकाच्या सूत्रात वाचनांचं गुणोत्तर येतं (अंतिम वजा शून्य-वाचन, भागिले अंतिम वजा त्या वेळेचं वाचन; त्याचा नैसर्गिक लॉग भागिले वेळ), नॉर्मॅलिटी छेदली जाते. अंतिम वाचन (अभिक्रिया थांबल्यावरचं) त्याच बाटलीतून प्रत्यक्ष घेतलं तर हे खरं आहे. पण अंतिम वाचन हिशेबाने किती यायला हवं होतं हे ताडून पाहायचं असेल तर नॉर्मॅलिटी अचूक लागते. या प्रकल्पात तो ताळाच सगळ्यात उपयोगी पडणार आहे.

६ डिसेंबर: बाथ आणि ब्लँक

बाथला फक्त हीटर आहे, थंड करायची सोय नाही. खोलीचं तापमान दुपारी २८–२९° से., म्हणून काम ३५° से.वर. २५° से. लिहून खोलीच्या तापमानावर केलेल्या प्रयोगाला काही अर्थ नाही. या अभिक्रियेची सक्रियन ऊर्जा (अभिक्रिया घडायला लागणारी किमान ऊर्जा) मोलला ६५–७० किलोज्यूलच्या घरात आहे, म्हणजे ३५° से.च्या आसपास एका अंशाला वेग ८ ते ९ टक्के बदलतो. बाथ ±०.१° से. राहिला पाहिजे. ढवळणी चालू नसेल तर हीटरजवळचं आणि कोपऱ्यातलं पाणी यांत अर्धा अंश सहज फरक पडतो. थर्मामीटर फ्लास्कच्या शेजारी लावला.

ब्लँक (एस्टरशिवायचं वाचन): १०० मि.लि. आम्ल + ५ मि.लि. पाणी, त्यातले ५ मि.लि. टायट्रेट केले. वाचन ११.९०. हिशेबाने ११.९०५. हेच शून्य-वाचन धरायचं. एस्टर घातल्याबरोबर काढलेलं पहिलं वाचन 'शून्य' धरलं तर तेवढ्या अर्ध्या-पाऊण मिनिटाची चूक पुढच्या प्रत्येक आकड्यात शिरते.

९ डिसेंबर: पहिली फेरी

आम्लाचा फ्लास्क आणि एस्टरची बुचाची बाटली दोन्ही २० मिनिटं बाथमध्ये. एस्टर पिपेटने घेऊ नये. ते ५७° से.ला उकळतं, ३५°वर त्याची वाफ पिपेटच्या वरच्या भागात साचते आणि टोकातून थेंब आपोआप गळू लागतात. बाटली वजन करून, ओतून, पुन्हा वजन केली. गेलेलं एस्टर ४.६५ ग्रॅम. बूच लावून जोरात हलवलं. नीट मिसळलं नाही तर पृष्ठभागावर बारीक थेंब राहतात आणि पहिली दोन वाचनं कमी येतात.

दर वेळी ५ मि.लि. काढून २५ मि.लि. बर्फाच्या पाण्यात. पिपेट निम्मी रिकामी होताना घड्याळ पाहायचं.

वाचनं (मिनिटे, मि.लि.):
० – ११.९० (ब्लँक)
१० – १३.००
२० – १४.००
३० – १४.९०
६० – १७.३०
९० – १९.२०
१२० – २०.७०
१८० – २२.८०
२४० – २४.०५

बर्फाचं पाणी नक्की किती थांबवतं? सहापट पातळ केल्याने आम्ल सहावा हिस्सा होतं, आणि ३५° वरून ५°वर आणल्याने वेग साधारण सतरा पटींनी घटतो. एकूण शंभरपट मंद. टायट्रेशनला पाच मिनिटं लागली तरी वाचनात हजारांश मि.लि.चाच फरक. खोलीच्या तापमानाचं पाणी वापरलं तर वेग जेमतेम नऊपट घटतो. त्या पाच मिनिटांत, एस्टर ताजं असताना, वाचन ०.०५ मि.लि.ने पुढे सरकतं. म्हणजे ब्युरेटवर वाचता येणारी सगळ्यात लहान मात्रा. बर्फ हवाच.

१० डिसेंबर: अंतिम वाचन बिघडलं

काल उरलेल्या मिश्रणातला थोडा भाग कॉनिकल फ्लास्कमध्ये, सैल बुचाखाली, ६०° से.च्या बाथमध्ये दीड तास ठेवला होता. अंतिम वाचन २४.६०.

हे धरून काढलेले वेगस्थिरांक (प्रति मिनिट): ३० मिनिटांना ०.००९०, १२० ला ०.००९८, १८० ला ०.०१०९, २४० ला ०.०१३१. आकडा सतत चढतोय, लॉगचा आलेख शेवटी खाली झुकतोय.

अशा वेळी सरासरी काढून वहीत ०.०१०७ लिहिण्याचा मोह होतो. पण एका दिशेने सरकणाऱ्या आकड्यांची सरासरी काढायची नसते. आकडे वरखाली विखुरले असते तर ती हाताची चूक. एकाच बाजूला चढत गेले की कुठलातरी स्थिर धरलेला आकडा चुकलाय. इथे कारण सोपं आहे. एस्टरचा उत्कलनबिंदू ५७° आणि बाथ ६०°, बूच सैल. हायड्रोलिसिस होण्याआधीच काही एस्टर उडून गेलं. अंतिम वाचन कमी आलं, आणि शेवटची वजाबाकी (२४.६० – २४.०५ = ०.५५) इतकी लहान झाली की लॉग उसळला.

गरम करायचंच असेल तर रिफ्लक्स कंडेन्सर (वाफ थंड करून परत फ्लास्कमध्ये सोडणारी नळी) लावून. नाहीतर गरम करू नये. उरलेला मूळ फ्लास्क घट्ट बुचाने ३५°च्या बाथमध्येच होता. २४ तासांनी वाचन २६.१०, आणखी दोन तासांनी पुन्हा २६.१०. ३५°वर २४ तास म्हणजे पंधराहून जास्त अर्धायुकाल (निम्मं एस्टर संपायला लागणारा वेळ), पुरेसे आहेत. २५°वर तेवढ्याच वेळात जेमतेम सात अर्धायुकाल होतात आणि एक टक्का काम बाकी राहतं, तिथे ४८ तास थांबावं.

११ डिसेंबर: दोन अंतिम वाचनं, दोन उत्तरं

हिशेबाने अंतिम वाचन किती यायला हवं? ५ मि.लि.मध्ये एस्टर २.९९ मिलिमोल, ०.२ नॉर्मल अल्कलीचे १४.९५ मि.लि. शून्य-वाचनात मिळवले की २६.८५. प्रत्यक्षात २६.१०. पाऊण मि.लि. कमी, आणि यावेळी काही उडालेलं नाही.

दोन्ही धरून वेगस्थिरांक काढले. आधी २६.१० धरून, मग २६.८५ धरून:
३० मिनिटे – ०.००७९ / ०.००७५
६० – ०.००८० / ०.००७५
९० – ०.००८० / ०.००७४
१२० – ०.००८१ / ०.००७४
१८० – ०.००८१ / ०.००७३
२४० – ०.००८१ / ०.००७०

प्रत्यक्ष अंतिम वाचनाचे आकडे जवळजवळ स्थिर दिसतात, रेषा सुंदर सरळ येते. हिशेबाच्या अंतिम वाचनाचे सुरुवातीला स्थिर आणि शेवटी घसरणारे. सरळ रेषा देतं ते खरं, असं वाटणं साहजिक आहे. इथे ते चूक ठरतं.

१० आणि २० मिनिटांची वाचनं तक्त्यात घेतली नाहीत. १० मिनिटांना बदल फक्त १.१० मि.लि. आणि वाचनाची चूक ०.०५, म्हणजे वेगस्थिरांकात ५ टक्के. या फेरीत भरवशाचा पट्टा ६० ते १८० मिनिटांचा. प्रत्येक बिंदूचा वेगस्थिरांक काढून सगळ्यांना समान वजनाची सरासरी घेण्यापेक्षा आलेखाचा उतार घ्यावा.

१३ डिसेंबर: उलटी वाट

कमी पडलेले ०.७५ मि.लि. म्हणजे ०.०३ मोलर एस्टर शिल्लक. अभिक्रिया दोन्ही बाजूंनी चालते आणि समतोलाला ९५ टक्क्यांवर थांबते. पडताळा: तयार झालेलं ॲसेटिक आम्ल ०.५६८ मोलर, मिथेनॉलही तेवढंच. ०.५६८ × ०.५६८ भागिले ०.०३ भागिले पाणी ५२, उत्तर ०.२१. एस्टर बनण्याच्या दिशेचा समतोल स्थिरांक ४ ते ५ च्या आसपास असतो, तो उलटा केला की ०.२० ते ०.२५. जुळतं. या ०.२१ वर फार भार मात्र देऊ नये. एस्टर ९९ टक्के शुद्ध असलं तरी ०.७५ मधले ०.१५ तिथेच जातात.

आता वरचे दोन रकाने समजतात. हिशेबाचं अंतिम वाचन धरलं तर सुरुवातीचा आकडा (०.००७५) पुढच्या दिशेच्या अभिक्रियेचा आहे. तेव्हा उलटी अभिक्रिया सुरूच झालेली नसते. पुढे ती जोर धरते तसा आकडा घसरतो. प्रत्यक्ष अंतिम वाचन धरलं तर समतोलाकडे जाण्याचा वेग मोजला जातो, त्यात दोन्ही दिशा मिसळलेल्या असतात. म्हणून तो ६–८ टक्क्यांनी जास्त, आणि अगदी हळू चढणारा.

'पाणी भरपूर' ही अट पाणी खर्च न होण्यापुरती पुरते, उलटी वाट बंद करायला पुरत नाही. त्यासाठी एस्टर कमी घ्यायला हवं. १०० मि.लि.ला २ मि.लि. एस्टर (०.२४६ मोलर) घेतलं तर समतोल ९७.७ टक्क्यांवर जातो, १ मि.लि.ला जवळपास ९९. पण एस्टर कमी म्हणजे वाचनातला बदल कमी, आणि तो बदल आम्लाच्या मोठ्या वाचनावर बसलेला. तडजोड: २ मि.लि. एस्टर, अल्कली ०.१ नॉर्मल. शून्य-वाचन २४.५, अंतिम ३६.८ च्या आसपास, ५० मि.लि.च्या ब्युरेटमध्ये मावतं.

इथून पुढच्या सगळ्या फेऱ्या २ मि.लि. एस्टरने, हिशेबाच्या अंतिम वाचनाने, आणि फक्त पहिल्या अर्धायुकालापर्यंतच्या बिंदूंवर.

१६ डिसेंबर: अंतिम वाचनाशिवाय

रसायनशास्त्रज्ञ गुगेनहाइमची १९२६ची पद्धत पहिल्या फेरीच्या आकड्यांवर लावून पाहिली. ठरावीक अंतराने घेतलेल्या दोन वाचनांतला फरक काढायचा, त्याचा लॉग वेळेसमोर मांडायचा, अंतिम वाचन लागतच नाही. अंतर १२० मिनिटं: ०ला ८.८०, ६०ला ५.५०, १२०ला ३.३५. उतार ०.००८०. हाही समतोलाकडे जाण्याचाच वेग. पद्धत अंतिम वाचनाची चूक टाळते, उलट्या अभिक्रियेची नाही.

अंतर किमान दोन-तीन अर्धायुकाल असावं असं सांगतात. इथे दीडच्या आत होतं. म्हणून ही नोंद पडताळ्यापुरती.

२० डिसेंबर: आम्लाची संहती

तीन फेऱ्या, ३५° से., एस्टर तेवढंच. १०२ मि.लि. मिश्रणातली आम्लाची संहती आणि वेगस्थिरांक:
०.२४५ मोलर – ०.००३८ प्रति मिनिट
०.४९० मोलर – ०.००७७
०.९८० मोलर – ०.०१५७

शेवटच्या फेरीत अल्कली ०.२ नॉर्मल घ्यावी लागली, नाहीतर वाचन ६० मि.लि.च्या वर जातं. त्यामुळे तिथला एकूण बदल ६.१५ मि.लि.च आहे आणि अनिश्चितता दुप्पट. अर्धायुकालही ४४ मिनिटांचा, म्हणून वाचनं दर ५ मिनिटांनी.

लॉग-लॉग आलेखाचा उतार १.०२. आम्लाच्या बाबतीत कोटी एक. वेगस्थिरांकाला आम्लाच्या संहतीने भागलं की ०.०१६ लिटर प्रति मोल प्रति मिनिट, तिन्ही फेऱ्यांत ३ टक्क्यांच्या आत. आम्लाशिवाय नुसत्या पाण्यात ठेवलेल्या एस्टरचं वाचन २४ तासांत ०.०५ मि.लि.ही हललं नाही, म्हणून रेषा शून्यातून जाते असं धरायला हरकत नाही.

'छद्म' शब्दाचा अर्थ इथे हाताला लागतो. ०.००७७ हा आकडा एकटा कुठे लिहिला तर तो निरुपयोगी आहे. शेजारी ०.४९० मोलर आणि ३५° से. हवेतच. १८५०मध्ये जर्मन शास्त्रज्ञ विल्हेल्मीने आम्लात साखरेच्या विघटनाचा वेग पोलारीमीटरने (द्रावण ध्रुवित प्रकाश किती फिरवतं ते मोजणारं उपकरण) मोजला तेव्हाही आम्ल असंच आकड्याच्या आत बसलेलं होतं.

एक जास्तीची फेरी ०.४९ नॉर्मल सल्फ्युरिक आम्लाने: ०.००४२. समान नॉर्मॅलिटीच्या हायड्रोक्लोरिकच्या ५५ टक्के. दुसरा हायड्रोजन अर्ध्या नॉर्मल द्रावणात फारसा सुटत नाही. टायट्रेशनला दोन्ही आम्लं सारखीच दिसतात, वेगाला नाही.

२३ डिसेंबर: विरणारा गुलाबी रंग

सुरुवातीच्या वाचनांत एंड पॉइंटचा गुलाबी रंग एखाद-दोन मिनिटांत विरतो. २४० मिनिटांच्या वाचनात तो टिकतो. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने विरत असता तर सगळीकडे सारखाच विरला असता.

फ्लास्कमध्ये न बदललेलं एस्टर शिल्लक आहे आणि एंड पॉइंटला अल्कलीचा किंचित अंश जास्त. तो अंश एस्टरशी अभिक्रिया करतो, आणि ही अभिक्रिया आम्लाच्या तुलनेत फार वेगवान असते. इथे भरपूर आहे ते एस्टर, तुटपुंजा आहे तो हायड्रॉक्साइड. म्हणजे त्याच फ्लास्कमध्ये दुसरी छद्म प्रथम कोटीची अभिक्रिया, भूमिका उलटलेल्या. पहिल्या फेरीत एस्टर सगळ्यात जास्त होतं म्हणून रंग तिथे सगळ्यात लवकर गेला.

याची चूक एकाच बाजूची असते. रंग परत आणण्यासाठी थेंब टाकत राहिलं की सुरुवातीची वाचनं फुगतात, शेवटची नाहीत, आणि आलेखाच्या उतारावरून काढलेला वेगस्थिरांक कमी येतो. नियम ठरवला: पहिला फिकट गुलाबी रंग हलवल्यावर १५ सेकंद टिकला की वाचन घ्यायचं, नंतर विरला तरी थेंब टाकायचा नाही. तिन्ही टायट्रेशन करणाऱ्यांनी तोच नियम पाळायचा. पाणी बर्फाचं असण्याचं हे दुसरं कारण, थंडीत हीही अभिक्रिया मंदावते. अल्कली शेवटच्या मि.लि.मध्ये धारेने सोडू नये. धार जिथे पडते तिथे क्षणभर अल्कली गोळा होते आणि ती एस्टर खाते.

२७ डिसेंबर: तापमान

०.४९० मोलर आम्ल. ३०° से.ला ०.००५०, ३५°ला ०.००७७, ४०°ला ०.०११८. आऱ्हेनियसच्या आलेखावरून (वेगस्थिरांकाचा लॉग विरुद्ध निरपेक्ष तापमानाचा व्यस्त) सक्रियन ऊर्जा ६८ किलोज्यूल प्रति मोल, अनिश्चितता ±३. फक्त दहा अंशांचा पल्ला असल्यामुळे अनिश्चितता यापेक्षा खाली येत नाही. ५०°ला जाऊन पल्ला वाढवता येईल, पण तिथे अर्धायुकाल अर्ध्या तासाच्या आत येतो, पिपेटचे पंधरा-वीस सेकंद मोजावे लागतात आणि फ्लास्क उघडला की एस्टर उडतं. थंड करणारा बाथ मिळाला तर २०°ची फेरी जास्त उपयोगी.

३० डिसेंबर: पाण्याची कोटी

उरलेला प्रश्न. वेगस्थिरांकाला आम्लाने भागलं, तसं पाण्याच्या ५२ मोलरने भागून 'खरा' वेगस्थिरांक काढावा का? पुष्कळ वह्यांमध्ये ५५.५ने भागलेलं असतं. आम्ही भागणार नाही. आम्लाने भागायचा हक्क २० तारखेच्या तीन फेऱ्यांनी दिला: आम्ल चौपट केलं, वेग चौपट झाला. पाण्यासाठी अशी एकही फेरी झालेली नाही, आणि या मांडणीत होऊ शकत नाही.

पाणी कमी करायचं तर जागी दुसरं काहीतरी, समजा ॲसिटोन, घालावं लागतं. मग माध्यमच बदलतं. विद्युत-अपार्यता (डायइलेक्ट्रिक स्थिरांक) घटते, हायड्रोजन आयनांभोवतीचं पाणी बदलतं, आम्लाची सक्रियता बदलते. वेगात फरक पडेल हे नक्की, पण त्यातला किती पाण्याच्या कोटीचा आणि किती माध्यमाचा हे त्या आकड्यातून वेगळं करता येत नाही. पाणी इथे अभिकारक आहे आणि द्रावकही. यंत्रणेत एस्टरच्या प्रोटॉनयुक्त रूपावर पाण्याचा रेणू हल्ला करतो हे इतर पुराव्यांवरून ठाऊक आहे. पण यंत्रणेत पाण्याचा एक रेणू आहे म्हणून वेगाच्या समीकरणात त्याची कोटी एक लिहायची, हा उलटा प्रवास आहे.

अहवालात वेगाचं समीकरण असं जाईल: वेग = ०.०१६ × आम्लाची संहती × एस्टरची संहती, लिटर-मोल-मिनिट एककांत, ३५° से., पातळ जलीय द्रावणात, आम्ल ०.२५ ते ०.९८ मोलर. पाण्याचा रकाना रिकामा.

जानेवारीसाठी: एस्टर २ मि.लि.च्या ऐवजी ३ मि.लि. घेऊन एक फेरी ०.४९ मोलर आम्लाने. सुरुवातीचा वेगस्थिरांक ०.००७७ च्या ३ टक्क्यांत आला तर एस्टरची कोटीही स्वतंत्रपणे तपासली जाईल. ब्युरेट ०.१५ नॉर्मल अल्कलीने भरावी, वाचन सुमारे १६ ते २९ मि.लि.च्या दरम्यान राहील.